तेल, पाणी आणि एक यू-नळी : प्रकल्प नोंदी

३ डिसेंबर

विज्ञान प्रदर्शनासाठी नववीच्या गटाचा विषय ठरला : नळीतल्या द्रवांचा दाब. विषय जुना आहे, पण तो घ्यायला कारण वर्गातच मिळालं. दाबाचा धडा मुलं आठवीत शिकून आली आहेत आणि सूत्र तोंडपाठ आहे : घनता गुणिले गुरुत्वत्वरण गुणिले उंची. मी फळ्यावर यू-नळी काढली. डाव्या भुजेत तेल, उजव्या भुजेत पाणी, आणि दोन्ही भुजांना छेदणारी एक आडवी रेघ. विचारलं, या रेघेवर दोन्हीकडचा दाब सारखा की वेगळा? सगळा वर्ग एका सुरात म्हणाला, "सारखा, बाई. समान पातळीवर दाब समान असतो."

हा नियम अर्धाच पाठ झालाय. एकाच द्रवात, तो सलग असेल आणि स्थिर असेल, तरच समान पातळीवर दाब समान असतो. या अटी विसरलं की दोन द्रवांच्या नळीवरचं प्रत्येक गणित चुकतं. बारावीच्या आणि प्रवेश परीक्षांच्या गणितांतही मुलं अडतात ती इथेच. म्हणून प्रकल्पात आकर्षक मॉडेल वगैरे काही करायचं नाही. प्रत्येक अट मोडून बघायची आणि नळी काय करते ते मोजायचं.

५ डिसेंबर

सामानाची जमवाजमव. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी हार्डवेअरच्या दुकानात मीटरवर मिळते. आतून १० मिमीची घेतली. जोडणीसाठी ठिबक सिंचनाच्या १२ मिमी लॅटरलचे (बारीक नळीचे) टी, म्हणजे तीन तोंडांचे जोड, आणि कॉक चपखल बसले. नळीचं तोंड मिनिटभर गरम पाण्यात धरलं की मऊ होतं आणि टीवर घट्ट चढतं, वेगळा डिंक लागत नाही. प्लायवूडची फळी, तिच्यावर आलेखकागद, वायरिंगच्या क्लिपा. पाण्यात खाण्याचा निळा रंग टाकायचा. तो तेलात उतरत नाही, त्यामुळे तेल-पाण्याची सीमा लांबूनही स्वच्छ दिसते.

पारा वापरायचा नाही. त्याची वाफ विषारी असते आणि सांडला तर फरशीच्या भेगांतून सगळा गोळा करणं शाळेत शक्य नाही. पाऱ्याचा वापर कमी करण्याचा मिनामाता करार २०१३ साली झाला, भारतानेही २०१८ मध्ये त्याला मान्यता दिली. जिथे पाऱ्याची गरज पडेल तिथे पारा पाण्याच्या १३.६ पट जड, हा आकडा घेऊन गणित करू.

९ डिसेंबर

पहिली भरणी. आधी पाणी, मग डाव्या भुजेत शेंगतेल, नळीच्या कडेने बारीक धारेने. घाई केली की तेलात पाण्याचे थेंब अडकतात. तेल चिकट असल्याने पातळी स्थिरावायलाही वेळ घेतं. ओतल्याबरोबर वाचलेला आकडा आणि पाच मिनिटांनी वाचलेला आकडा यांत फरक पडतो. स्थिर असण्याची अट इथे आपोआपच समजली.

आकडे : सीमेपासून तेलाची उंची ३०.० सेमी, सीमेच्याच पातळीपासून उजवीकडे पाण्याची उंची २७.४ सेमी. २७.४ भागिले ३०.० म्हणजे ०.९१३. शेंगदाणा तेलाची घनता पाण्याच्या ०.९१ पटीच्या आसपासच असते.

मोजायचं कुठून, यावर आज सर्वांत जास्त वेळ दिला, आणि तो द्यायलाच हवा होता. मुलांचा हात पहिल्यांदा फळीच्या तळाला जातो, कारण आलेखकागदाचं शून्य तिथे आहे. पण तळापासून सीमेपर्यंत दोन्ही भुजांत पाणीच आहे. ते डावीकडे जेवढं ढकलतं तेवढंच उजवीकडे ढकलतं. हिशोबात ते नसल्यासारखंच. लढत आहे ती फक्त सीमेच्या वरच्या दोन स्तंभांत. तेलाचे ३० सेमी एका बाजूला, पाण्याचे २७.४ सेमी दुसऱ्या बाजूला, आणि दोघांचा सीमेवरचा दाब एकच.

हे सांगून पटलं नाही, करून पटलं. उजव्या भुजेत आणखी पाणी ओतलं. सीमा वर सरकली, दोन्ही पृष्ठभाग वर गेले, तळापासूनचे सगळे आकडे बदलले. सीमेपासून पुन्हा मोजलं : ३०.० आणि २७.४. एक मुलगी स्वतःहून म्हणाली, "म्हणजे बाई, शून्य आपण ठरवायचं नाही, ते नळीच ठरवते." हेच वाक्य तक्त्यावर घेणार आहे.

१२ डिसेंबर

खोबरेलची पाळी होती. सकाळी बाटलीत दगड झालेलं. खोबरेल साधारण २४ अंश सेल्सिअसला गोठतं आणि आमच्या वाई भागात डिसेंबरची सकाळ त्याहून बरीच थंड असते. गरम पाण्यात पातळ करून नळीत ओतलं, तर दुसऱ्या दिवशीच्या सकाळपर्यंत ते नळीतही घट्ट बसणार. मुलांना म्हटलं, बसू दे, बघू.

१३ डिसेंबर

बसलं. डाव्या भुजेत पांढरा खांब. उजवीकडे चार सेमी पाणी वाढवलं, तरी डावीकडे काहीही हललं नाही. गोठलेलं खोबरेल नळीच्या भिंतीला धरून बसतं आणि पाण्याचा जादा रेटा भिंतच पेलते. दुपारी खिडकीतून ऊन आलं, कडेचं खोबरेल आधी सुटलं आणि खांब एकदम वर सरकला. द्रव भिंतीला असा धरून राहू शकत नाही, म्हणूनच त्याच्या स्तंभाची उंची दाब सांगते. हा प्रयोग योजलेला नव्हता, पण थंडीच्या दिवसांत कोणत्याही शाळेत फुकटात होण्यासारखा आहे. प्रदर्शनात मात्र शेंगतेलच ठेवणार.

१६ डिसेंबर

आज जाडीचा प्रश्न. "मोठ्या भांड्यात तेल जास्त, वजन जास्त, मग दाब जास्त" हा समज मुलांमध्येच आहे असं नाही, पाहायला आलेल्या दोन पालकांनीही तोच तर्क मांडला.

कोल्ड्रिंकच्या दोन लिटरच्या बाटलीचा बूड कापला, बाटली उलटी करून तिचं तोंड डाव्या भुजेला जोडलं. सीमा बाटलीच्या तोंडाशी येईल एवढं पाणी, आणि वर तेल १२ सेमी उंचीपर्यंत. त्याला जवळजवळ अर्धा लिटर तेल लागलं. समोरच्या बारीक भुजेत पाणी सीमेपासून ११ सेमीला थांबलं. मग बाटली काढून साधी नळी लावली आणि तेवढ्याच १२ सेमी उंचीचं तेल भरलं. आता तेल लागलं साडेनऊ मिली. समोरचं पाणी? तेच ११ सेमी.

अर्ध्या लिटरचं वजन गेलं कुठे? बाटलीच्या उतरत्या खांद्यावर. तोंडाच्या बरोब्बर वर उभा असलेला तेलाचा स्तंभच सीमेवर रेटा देतो. बाकीचं तेल बाटलीच्या तिरप्या भिंतींवर बसलेलं असतं आणि त्या भिंतींचा भार फळीवरची क्लिप सोसते. क्लिप सैल केल्यावर बाटली खाली सरकू पाहते, ते मुलांनी हात लावून अनुभवलं. फ्लँडर्समधल्या सायमन स्टेविनने १५८६ मध्येच हे मांडलं होतं की भांड्याच्या तळावरचा दाब भांड्याच्या आकारावर नाही, द्रवाच्या उंचीवर ठरतो. चारशेहून अधिक वर्षांनंतरही हे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय मनाला पटत नाही.

एक पुस्ती जोडायला हवी. नळी फार बारीक असेल तर जाडी आडवी येते. प्रयोगशाळेतली २ मिमी भोकाची काचनळी पाण्यात धरली की पाणी आपोआप सुमारे दीड सेमी वर चढतं. हे पृष्ठताणाचं काम. दाबाच्या हिशोबात ते मिसळलं तर घोटाळा होतो. १० मिमी नळीत हा परिणाम दोन-तीन मिमीच्या वर जात नाही. नळी मुद्दाम जाड घेतली ती यासाठी.

१९ डिसेंबर

शाळेच्या कंपाउंडचं काम चालू आहे. गवंडीमामा लेव्हल काढत होते, आणि नळी आमच्याचसारखी. मधल्या सुट्टीत गटाला घेऊन तिथे गेले. मामांनी नळीत पाणी भरलं, दोन्ही टोकं शेजारी-शेजारी धरून पातळी एक येते का ते पाहिलं, आणि मग नळी टिचक्या मारत सबंध लांबी तपासली. "बुडबुडा राहिला तर भिंत वाकडी, बाई," एवढंच म्हणाले.

परत येऊन तेच केलं. यू-नळीत नुसतं पाणी भरलं आणि डाव्या भुजेत, उभ्या भागात, सिरिंजने नळी पूर्ण अडवणारा तीन सेमीचा हवेचा बुडबुडा सोडला. हवेला जवळजवळ वजनच नाही, त्यामुळे त्या भुजेला पाण्याचा तीन सेमी तुकडा कमी पडतो, आणि तेवढी भर घालायला डावा पृष्ठभाग उजव्यापेक्षा तीन सेमी वर जाऊन थांबतो. मोजलं तर २.९ आलं. बुडबुडा वर निसटू नये म्हणून ही चाचणी ५ मिमीच्या नळीत घ्यावी लागली. जाड नळीत तो पाण्याला बगल देऊन वर पळतो. नंतर तोच बुडबुडा नळी हलवून खालच्या आडव्या भागात आणला. फरक जवळपास नाहीसा झाला. आडव्या भागात उंचीच नाही, मग तिथे हवा असो की पाणी, हिशोबात शून्यच.

म्हणजे बुडबुडा आहे एवढ्याने भिंत वाकडी होत नाही, तो उभ्या भागात असेल तर होते. पण मामांना भर उन्हात तो नेमका कुठल्या भागात आहे हे शोधत बसायचं नसतं, म्हणून सगळाच काढायचा. त्यांची रीत बरोबर आहे. मुलांनी हा हिशोब त्यांना जाऊन सांगितला तेव्हा त्यांनी नळी हातात घेऊन लगेच करून बघितलं आणि मान डोलावली.

२३ डिसेंबर

पाण्यात मिसळणाऱ्या द्रवांचं काय? मीठपाणी, पाक, दूध, ग्लिसरीन यू-नळीत टाकले तर सीमाच राहत नाही. त्यासाठी उलटी यू : दोन उभ्या नळ्यांची खालची टोकं दोन वेगळ्या पेल्यांत, वर टीने जोडलेली, आणि टीच्या तिसऱ्या तोंडाला सिरिंज. अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट हेअर यांच्या नावाने हे उपकरण ओळखलं जातं. सिरिंज ओढली की आतली हवा विरळ होते, बाहेरच्या हवेचा दाब दोन्ही द्रवांना वर ढकलतो. वरची हवा दोघांना सामाईक, बाहेरची हवाही सामाईक. म्हणून दोन्ही स्तंभांचा दाब सारखाच असावा लागतो. जड द्रव कमी चढतो, हलका जास्त. सलाइनच्या सेटचा चाकवाला क्लॅम्प लावून सिरिंजची नळी बंद केली की आकडे निवांत वाचता येतात.

पाणी ४०.० सेमीवर असताना :
संपृक्त मीठपाणी ३३.४
साखरेचा पाक (साखर-पाणी समान वजन) ३२.५
ग्लिसरीन ३१.७
दूध ३८.८

यावरून मीठपाण्याची घनता १.२०, पाकाची १.२३, ग्लिसरीनची १.२६, दुधाची १.०३. उंची पेल्यातल्या पृष्ठभागापासून मोजायची. द्रव वर चढला की पेल्यातली पातळी खाली जाते, त्यामुळे पट्टीचं शून्य दर वेळी तिथे आणून लावावं लागतं. सिरिंज थोडी-थोडी ओढत वेगवेगळ्या उंचीवर जोड्या घेतल्या आणि आलेख काढला. मीठपाण्याचे सगळे बिंदू एका सरळ रेषेत आले. एका आकड्यापेक्षा ती रेषा जास्त बोलकी : दाब कितीही कमी-जास्त केला तरी दोन उंचींचं गुणोत्तर हलत नाही.

दुधावर मुलांनी चौकशी फार केली, कारण अर्ध्या गटाच्या घरून डेअरीला दूध जातं. तीन भाग दुधात एक भाग पाणी मिसळून पाहिलं : ३९.१. म्हणजे एवढी भेसळ करूनही फरक फक्त तीन मिमी, आणि आमची वाचायची अचूकता एक मिमी. नळी एक मीटरची केली तरी फरक सात मिमीच्या आसपास. दूध तपासायला हे उपकरण कामाचं नाही. दुधात तरंगणाऱ्या लॅक्टोमीटरची बारीक मान तोच फरक ताणून मोठा दाखवते. प्रदर्शनात "भेसळ ओळखणारं यंत्र" अशी पाटी लावू या असा आग्रह होता. तो मी मोडून काढला. जे यंत्र नीट ओळखत नाही त्यावर तशी पाटी नको.

३० डिसेंबर

ज्यासाठी सगळा खटाटोप, तो प्रयोग. यू-नळीच्या दोन भुजांमध्ये, सीमेच्या १० सेमी वर, आडवी नळी जोडली आणि मध्ये ठिबकचा कॉक. डावीकडे तेल ३०.०, उजवीकडे पाणी २७.४, कॉक बंद. उघडला तर काय होईल?

गटात तीन मतं पडली. समान पातळी, म्हणून काहीच वाहणार नाही. पाणी जड, म्हणून पाणी तेलात घुसेल. आणि एकटीचं मत, तेल पाण्यात जाईल. कॉकला हात लावायच्या आधी प्रत्येकाने हिशोब करायचा, असं ठरवलं.

आडव्या नळीच्या डाव्या तोंडावर तेलाचे २० सेमी आहेत. ०.९१३ ने गुणले की १८.३ सेमी पाण्याइतका दाब. उजव्या तोंडावर पाण्याचे १७.४ सेमी. एकाच पातळीवर, एकाच फळीवर, हातभर अंतरावर, आणि दाब वेगळा. तेलाकडे ०.९ सेमी पाण्याइतका, म्हणजे ८५ पास्कलच्या आसपास जास्त.

हलक्या द्रवाकडे दाब जास्त कसा, हे पचायला जड जातं. सीमेवरून वर चढत जाऊन पाहिलं की उलगडतं. सीमेवर दोन्हीकडे दाब सारखा, २७.४ सेमी पाण्याइतका. तिथून वर जाताना पाणी दर सेंटिमीटरला एक-एक सोडतं. तेल हलकं असल्याने दर सेंटिमीटरला ०.९१३ च सोडतं. दहा सेमी वर गेल्यावर पाण्याने दहा सोडले, तेलाने ९.१. तेलाकडे जास्त उरलं. जितकं वर जाऊ तितका फरक वाढतो, आणि पाण्याच्या पृष्ठभागाच्या पातळीवर तेलाकडे २.४ सेमी पाण्याइतका दाब शिल्लक असतो. शेवटी तिथे तेलाच्या डोक्यावर अजून २.६ सेमी तेल आहे आणि पाण्याच्या डोक्यावर फक्त हवा.

कॉक उघडला. क्षणभर काही नाही. मग आडव्या नळीच्या उजव्या तोंडाशी पिवळा फुगवटा आला, सुटला, आणि निळ्या पाण्यातून तेलाचा थेंब वर गेला. त्यामागून दुसरा. थोड्या वेळाने थेंबांची माळच लागली, आणि उजव्या भुजेत पाण्याच्या वर तेलाचा थर जमू लागला. त्याच वेळी डावीकडची सीमा हळूहळू वर चढत होती. ती आडव्या नळीच्या तोंडाशी पोहोचली आणि वाहणं थांबलं.

थांबल्यावरचे आकडे, आडव्या नळीपासून वर : डावीकडे तेल १९.०. उजवीकडे पाणी ७.४ आणि त्यावर तेल ११.०. डावीकडचा दाब १९.० गुणिले ०.९१३, म्हणजे १७.३, उजवीकडचा ७.४ अधिक ११.० गुणिले ०.९१३, म्हणजे १७.४. जुळलं. आता आडव्या नळीतून दोन्ही भुजांना एकच पाणी सलग जोडतंय, म्हणून आता त्या पातळीवर दाब समान आहे. नियम मोडलेला नव्हताच, त्याची अट आता पूर्ण झाली. वरचे पृष्ठभाग मात्र अजून ०.६ सेमीने वर-खाली आहेत आणि तसेच राहतील.

"काहीच वाहणार नाही" म्हणणाऱ्या मुलानेच पुन्हा नळी भरून आडवी नळी अगदी सीमेच्या पातळीवर लावायची कल्पना काढली. तिथे कॉक उघडल्यावर खरोखरच काही वाहिलं नाही. त्याचं उत्तर चुकीचं नव्हतं, एका जागेपुरतं होतं.

६ जानेवारी

पाऱ्याचा तक्ता तयार. रक्तदाब १२० म्हणजे १२० मिमी पारा, १३.६ ने गुणलं की पाण्याचे १६३ सेमी. खालचा आकडा ८० म्हणजे १०९ सेमी. पाण्याचा रक्तदाबमापक केला असता तर डॉक्टरांच्या टेबलावर पुरुषभर उंचीची नळी ठेवावी लागली असती. सलाइनची बाटली हातापासून साधारण मीटरभर वर टांगली तर ७३ मिमी पाऱ्याइतका दाब मिळतो. शिरेतला दाब त्यामानाने अगदी कमी, म्हणून द्रव आत जातो. ज्या मुलाच्या घरी आजोबांना नुकतंच सलाइन लावलं होतं, त्याने हा तक्ता स्वतःकडे मागून घेतला.

शेजारी फ्रेंच शास्त्रज्ञ ब्लेझ पास्कलचा तक्ता. १६४६-४७ च्या सुमारास फ्रान्सच्या रुआँ शहरात त्याने ४६ फूट लांबीच्या काचनळ्या जहाजाच्या डोलकाठीला बांधून उभ्या केल्या, एकीत पाणी आणि दुसरीत लाल वाइन. वरून बंद असलेल्या अशा नळीत द्रवाच्या वर जी रिकामी जागा राहते ती द्रवाच्या वाफेने भरते, असं काही विद्वान म्हणत. तसं असेल तर लवकर उडणारी वाइन पाण्यापेक्षा खाली दबायला हवी. स्तंभ फक्त वजनाने ठरत असेल तर हलकी वाइन वर राहायला हवी. ती वर राहिली. दोन नळ्या आणि दोन द्रव, एवढ्यावर वादाचा निकाल. आमच्या वाईत हवेचा दाब समुद्रकिनाऱ्यापेक्षा कमी. इथे तसा प्रयोग केला तर पाणी साडेनऊ मीटरच्या आसपास थांबेल आणि शेंगतेल दहा मीटरच्या वर जाईल. शाळेची इमारत तेवढी उंच नाही.

१० जानेवारी

मांडणी ठरली. कॉक बंद असलेली नळी सर्वांत पुढे. बघणाऱ्याने आधी कागदावर उत्तर लिहायचं, मगच कॉक उघडायचा. त्यामुळे दर वेळी नळी नव्याने भरावी लागेल, म्हणून दोन फळ्या तयार ठेवल्या आहेत. एक वापरात असताना दुसरी भरायची. सांडलेल्या तेलासाठी खाली ट्रे आणि लाकडाचा भुसा. बाटलीचा प्रयोग दुसऱ्या टेबलावर, उलटी यू तिसऱ्या. जिल्ह्याला निवड झाली तर आडव्या नळ्या दोन लावायच्या, १० आणि २० सेमीवर, आणि दोन्ही कॉक एकदम उघडल्यावर कुठून जास्त जोराने वाहतं ते आधी लिहून घ्यायचं. तेल आणखी पाच लिटर लागेल. मुख्याध्यापकांकडे मागणीचा कागद दिला आहे.